एकवीस हजारांची रेघ

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. लाखांदूर तालुक्यातली एखादी विधवा तलावातला गाळ काढायच्या कामावर ६७ दिवस गेली, तर तिच्या हाती येतात २०,९०४ रुपये. अडुसष्टाव्या दिवशी हा आकडा २१,२१६ होतो आणि सरकारी हिशेबाने ती बाई निराधार राहत नाही. केंद्राचा मनरेगा कायदा घरटी शंभर दिवसांच्या कामाची हमी देत आला. राज्याची योजना अडुसष्टाव्या दिवशी दार लावून घेते. दुसरी वाट दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असण्याची, पण ती यादी ज्या सर्वेक्षणावर उभी आहे ते २००२ सालचं.

प्रत्यक्षात हा हिशेब कोणी करत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावर २१ हजारांच्या आतला आकडा पडतो आणि अर्ज पुढे सरकतो. तलाठ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण खरा आकडा लिहायचा ठरवला तर योजनाच बंद पडेल. नियम खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, दाखला खोटा आहे हेही ठाऊक असतं आणि दोन्ही कागद एकमेकांना टेकून उभे असतात. अशा नियमाचा फायदा मात्र एकाला नक्की होतो, तो म्हणजे नियम चालवणाऱ्याला. काटेकोर पाहिलं तर जवळपास सगळेच अपात्र असतील, तर कोणाला पात्र म्हणायचं ही मेहेरबानीची गोष्ट होऊन बसते. गरिबांच्या योजनांबद्दलची बहुतेक चर्चा रकमेभोवती फिरते: हजाराचे दीड हजार केले, दीड हजाराचे एकवीसशे करू. ही मेहेरबानी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्या गोंगाटात ऐकूच येत नाही.

घटनेपुरतं बोलायचं तर उत्तर सोपं आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. त्यात दारिद्र्य निर्मूलन आहे, समाजकल्याण आहे, दुर्बल घटकांचं कल्याण आहे, सार्वजनिक वितरण व्यवस्थासुद्धा आहे. भंडारा जिल्हा हे सगळं तपासून पाहायला चांगली जागा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेला हा सात तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाख वस्तीचा, आटोपशीर जिल्हा. इथल्या जिल्हा परिषदेसाठी २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ असं दोन टप्प्यांत मतदान झालं. पुढे राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, तेव्हा भंडाऱ्यात लोकांनी निवडून दिलेले सदस्य होते. म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था कागदावर आणि प्रत्यक्षात, दोन्हीकडे जिवंत होती.

तिच्या हातात काय होतं? निराधार योजना महसूल खात्याची यंत्रणा चालवते. अर्ज तहसील कार्यालयात, चौकशी तलाठ्याची, मंजुरी तालुक्याच्या समितीची. समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या पसंतीचा अशासकीय माणूस आणि सदस्य-सचिव तहसीलदार. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेत. रोजगार हमीत तरी ग्रामपंचायत पुढे असावी, कारण किमान निम्मी कामं तिच्यामार्फत व्हावीत असं कायदाच सांगत होता. पण महाराष्ट्राने तिथेही तहसीलदाराला कार्यक्रम अधिकारी केलं आणि पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्याला ‘सह’ लावून बाजूला बसवलं. जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हाधिकारी मुख्य आणि जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी पुन्हा ‘सह’च. गरिबी हा विषय पंचायतीचा, पण गरीब कोण हे ठरवायचं महसूल खात्याने, अशी ही वाटणी आहे.

याचा अर्थ माणसाच्या पातळीवर काय होतो, ते एका अर्जाच्या वाटेने गेलं की कळतं. पतीच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून. रहिवासाचा पुरावा, कारण राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य हवं. तलाठ्याचा अहवाल, त्यावर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. वयाचा पुरावा ही वेगळीच अडचण: शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईच्या आधार कार्डावर जन्मतारीख बहुधा १ जानेवारी असते आणि साल अंदाजाचं. मग सरकारी डॉक्टरचा वयाचा दाखला. बँकेचं पासबुक, त्याला आधार जोडलेलं आहे की नाही याची खातरी. अंगठा लावायची वेळ आली की चाळीस वर्षं रोवणी-निंदण केलेली बोटं यंत्र ओळखत नाही. हे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सेतू केंद्रात गेलं की एक फोटोकॉपी कमी निघते. प्रत्येक खेप म्हणजे एसटीचं भाडं आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. त्यानंतर समितीची बैठक लागायची वाट पाहायची. सरकार बदललं की समित्या बरखास्त होतात आणि नव्या नेमणुका राजकीय सोयीने होतात. मंजुरी मिळाली तर मंजुरीपत्र वाटपाचा कार्यक्रम होतो आणि फलकावर लाभार्थ्यांपेक्षा नेत्यांचे चेहरे मोठे असतात. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला आहेच.

ही दगदग अटळ आहे, कागद तपासायचे तर वेळ लागणारच, असं कोणी म्हणेल. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत हे म्हणणं पटण्यासारखं होतं.

२८ जून २०२४ रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. ऑगस्टच्या मध्यावर, राखीपौर्णिमेच्या आधी, पहिले हप्ते खात्यांत पडले होते. जेमतेम सात आठवडे. महिन्याची रक्कम निराधार योजनेइतकीच, १,५००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आणि गंमत अशी की पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नकोच. अर्ज भरायला बाईने तहसीलला जायचं नव्हतं. गावातल्या अंगणवाडी सेविकेने मोबाइलवर ते काम केलं आणि तिला अर्जामागे ५० रुपये द्यायचं ठरलं. राज्यभरात सव्वादोन कोटींहून अधिक बायकांपर्यंत ही योजना गेली. निवडणूक तोंडावर होती म्हणून हे घडलं, हे उघड आहे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: निराधार बाईला लागणाऱ्या अनेक महिन्यांचं कारण यंत्रणेची कुवत नव्हती. त्याच जिल्ह्यात, त्याच गावात, त्याच बँकांतून दीड हजार रुपये सात आठवड्यांत जाऊ शकले. अडीच लाखांच्या आतल्या बाईवर सरकारने आधी विश्वास ठेवला आणि २१ हजारांच्या आतल्या बाईकडे आधी पुरावे मागितले.

त्या विश्वासाची किंमत पुढे वसूल झाली, ती वेगळी गोष्ट. निवडणूक उरकल्यावर छाननी सुरू झाली, सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी आलं आणि जिचं नाव गळलं तिला ते का गळलं हे गावात कोणी सांगू शकेना. अर्ज भरणारी सेविका तिच्याच वाडीतली होती. नाव कापणारा संगणक मात्र कोणत्या वाडीतला, कोणाला ठाऊक नव्हतं. अंगणवाड्यांचा कारभार जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे असतो. म्हणजे राबायला जिल्हा परिषदेची माणसं आणि निर्णय मुंबईच्या पोर्टलवर. स्थानिक स्वराज्य संस्थेचा वापर सरकार कसा करतं, याचं याहून नेमकं उदाहरण मिळणं कठीण.

एकाच गावातल्या एकाच घराबद्दल सरकारची किती मतं असतात तेही पाहण्यासारखं आहे. निराधार योजनेला ते घर २१ हजारांच्या आत हवं. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीसाठी ग्रामीण भागात ४४ हजारांच्या आत. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाखांच्या आत. घरकुलासाठी उत्पन्नापेक्षा २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेची यादी आणि नंतरची ‘प्रपत्र ड’ नावाची यादी. दिव्यांगांसाठी निराधार योजनेतली मर्यादा पुढे ५० हजार झाली, बाकीच्यांची तशीच राहिली. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाच्या माणसामागे दिल्लीचा वाटा महिना २०० रुपये आहे आणि तो जवळपास वीस वर्षं जागचा हललेला नाही. वरची भर राज्य घालतं. इतक्या रेघा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खात्यांनी ओढल्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी बसलेले असतात आणि गावकऱ्यांच्या शिव्या खातात.

भंडाऱ्याच्या शेतीत हाच प्रश्न जमिनीच्या कागदाच्या रूपाने येतो. जिल्हा धानाचा. आधारभूत केंद्रावर धान विकायचं, राइस मिलमध्ये त्याची भरडाई व्हायची आणि तोच तांदूळ रेशन दुकानातून परत यायचा, असं चक्र आहे. हमीभावावर राज्य बोनस देतं. २०२०-२१ मध्ये तो क्विंटलमागे ७०० रुपये होता. क्विंटलच्या बोनसवर व्यापाऱ्यांचं आणि बाहेरून आलेलं धान शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर खपतं, अशा तक्रारी होत्या. म्हणून २०२२-२३ पासून तो हेक्टरवर आला: आधी १५ हजार, पुढच्या वर्षी २० हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. केंद्रावर नोंदणी असली की पुरे, धान विकलं असो की नसो. व्यापाऱ्याची वाट काही अंशी अडली, पण त्याबरोबर बोनस जमिनीच्या मालकाचा झाला. ठेक्याने किंवा बटईने बांधी कसणारा, पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंत राबणारा माणूस सातबाऱ्यावर नसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहर आणि नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, तेव्हाही पिकाची भरपाई सातबाऱ्याच्या मागे गेली आणि घराची भरपाई ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या मागे. गावठाणाबाहेरच्या, नमुना आठला न चढलेल्या झोपडीचा पंचनामा करणाऱ्याला सगळं दिसत असतं; फक्त लिहायला रकाना नसतो.

कोणती जमीन कोण कसतो, कोणाचं घर कुठे आहे, हे अख्ख्या गावाला माहीत असतं. ही माहिती निर्णयापर्यंत पोहोचायला अधिकृत वाट नाही. जिथे ती वाट थोडी खुली होती, तिथे वेगळं चित्र दिसलं. मनरेगाच्या पहिल्या टप्प्यात, २ फेब्रुवारी २००६ पासून, महाराष्ट्रातले जे बारा जिल्हे घेतले त्यात भंडारा होता. इथल्या उन्हाळ्यातल्या कामाचा हक्काचा विषय म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावच्या बोलीत मामा तलाव. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव मालगुजारी संपल्यावर, १९५१ मध्ये, सरकारजमा झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. देखभाल गावाच्या हातून सुटली आणि गाळ साचत गेला. रोजगार हमीने मजूर पुरवले, पण अंदाजपत्रकात मोजायला घनमीटर असतात: किती खोदलं, किती वाहून नेलं. तलावातली बेशरम उपटायची, माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, हे मासेमारी करणाऱ्या ढिवरांना कळत होतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या बाया-माणसांना बरोबर घेऊन या भागातल्या तलावांवर ते करून दाखवलं. मजुरीवरचा खर्च आणि गावाचं ज्ञान एकत्र आलं तर मदतीच्या पैशातून मासेमारीचा धंदा उभा राहतो. एरवी त्याच पैशातून फक्त खड्डा खोल होतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले, पण महाराष्ट्रासारख्या राज्यांवर ४० टक्के खर्चाचा भार आला, राज्यागणिक निधी आधी ठरवून देण्याची पद्धत आली आणि पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं थांबवायची मुभाही. धानाच्या जिल्ह्यात रोवणीला मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. पण मजूर बाईला त्या दिवसांत बांधीवर काय दर मिळेल, हे हमीचं काम सुरू असण्यावरही ठरत असतं. ती सौदाशक्ती काढून घ्यायची की ठेवायची, हा गावागावातला वाद आहे आणि नव्या व्यवस्थेत तो गावाच्या वर कुठेतरी मिटवला जाईल.

जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीकडे अगदी स्वतःचं म्हणावं असं थोडं आहे. उत्पन्नातला ठरावीक हिस्सा राखून ठेवायचा: जिल्हा परिषदेने मागासवर्गीयांसाठी २० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५, ग्रामपंचायतीने अनुसूचित जाती-जमातींसाठी १५. घरपट्टी-पाणीपट्टीवर जगणाऱ्या ग्रामपंचायतीचे १५ टक्के म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको. जिल्हा परिषदेच्या शिलाई यंत्रं, सायकली, पंप अशा वैयक्तिक लाभाच्या योजनांत खरेदीतला भ्रष्टाचार टाळण्यासाठी डिसेंबर २०१६ पासून थेट खात्यात पैसे द्यायचं धोरण आलं. लाभार्थ्याने आधी वस्तू विकत घ्यायची, पावती द्यायची, मग अनुदान जमा. ज्याच्याकडे यंत्र घ्यायला पैसे नाहीत त्याच्यासाठी असलेल्या योजनेची पहिली अट झाली ती यंत्र घ्यायला पैसे असण्याची. ठेकेदाराची साखळी तुटली हे चांगलं झालं. तिच्या जागी सावकार उभा राहिला तर कोणत्या दप्तरात दिसणार नाही.

मग सगळे अधिकार ग्रामसभेला देऊन मोकळं व्हावं का? या जिल्ह्यात तरी हा प्रश्न इतक्या सहज मिटवता येत नाही. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी गावातल्याच जमावाने एका दलित कुटुंबातल्या चार जणांची हत्या केली. गाव म्हणजे सलोख्याने राहणारं एक कुटुंब, ही कल्पना त्यानंतर भंडाऱ्यात कोणी गंभीरपणे मांडू नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत गावाला राज्यव्यवस्थेचा पाया मानायला कडाडून विरोध केला होता, तो गाव आतून पाहिल्यामुळे. १९५४ मध्ये याच भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ग्रामसभेत कोण बोलतो, कोण मागे उभा राहतो, कोणाच्या बायका येतच नाहीत, हे ठाऊक असलेल्या माणसाला निराधारांची यादी सरपंचाच्या हाती द्यायची भीती वाटणं स्वाभाविक आहे.

तरीही आजची व्यवस्था त्या भीतीवरचा उतारा नाही. दलित विधवेला गावाच्या पूर्वग्रहापासून वाचवण्यासाठी निर्णय तहसीलला नेला असता, तर तिथे लेखी कारण मिळायला हवं होतं, ठरल्या मुदतीत अपील मिळायला हवं होतं. मिळते ती समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख. गावचा दबाव तिथेही पोहोचतो, फक्त तो आता बंद दाराआड, अध्यक्षाच्या फोनवरून पोहोचतो. गावात निदान चार लोकांसमोर नाव वाचावं लागतं.

दोन उदाहरणं इथे उपयोगी आहेत. केरळने २०२१ मध्ये अतिदारिद्र्यातली घरं शोधायचं काम ग्रामपंचायती आणि नगरपालिकांवर सोपवलं. ६४,००६ कुटुंबं निघाली, प्रत्येक कुटुंबासाठी स्थानिक संस्थेने वेगळा आराखडा केला आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या घोषणेवर आणि आकड्यांवर अर्थतज्ज्ञांनी शंका घेतल्या, त्या घ्यायलाच हव्यात. पण वाद घालता यावा अशी उघड यादी तिथे होती. दुसरं ब्राझीलचं. २००३ मध्ये सुरू झालेल्या बोल्सा फामिलियाची पैसे देणारी यंत्रणा केंद्राची, पण गरीब कुटुंबांची नोंदवही ठेवतात साडेपाच हजारांहून अधिक नगरपालिका. नोंदवही जितकी अचूक आणि ताजी, तितका त्या नगरपालिकेला केंद्राकडून कारभाराचा खर्च जास्त. आपल्याकडे हेच काम ५० रुपये अर्जाच्या बोलीवर अंगणवाडी सेविकेकडून, नाहीतर वर्षानुवर्षं झालेल्या खर्चाच्या टक्केवारीवर राबलेल्या ग्रामरोजगार सेवकाकडून करून घेतलं जातं. रोजगार सेवकाला महिना आठ हजार मानधन ठरायला २०२४ साल उजाडलं.

भंडाऱ्यापुरतं पाहिलं तर करण्यासारखं फार अवघड नाही. लाडक्या बहिणीसाठी पिवळं-केशरी कार्ड चाललं, मग निराधार बाईसाठी ते का चालू नये? सरकारने एकदा मान्य केलेला पुरावा दुसऱ्या योजनेत नाकारायला कोणतंही सयुक्तिक कारण नाही. तेवढं केलं तरी २१ हजारांचा खोटा दाखला आणि त्यामागची मेहेरबानी एका फटक्यात संपते. नावं सुचवायचा, नाव गळालेल्यांची तक्रार घ्यायचा अधिकार ग्रामसभेचा हवा. त्यावरचं अपील गावाबाहेर, मुदतीत आणि लेखी उत्तराने निकाली निघावं. आणि या कामाचे पैसे ग्रामपंचायतीला मिळावेत. तालुका समितीचं अध्यक्षपद कार्यकर्त्यांच्या सोयीसाठी राखलेलं आहे, ते रद्द केलं तर कोणत्याही गरिबाचं काही बिघडणार नाही.

हे सगळं होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या जातात, रक्कम किती आणि लाभार्थी कोण, हे सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न विचारता जाहीर करावं, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ २००५ पासून सांगतं. संजय गांधी निराधार योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९८० रोजी आणि २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असते. त्या दिवशी आपल्या गावातल्या निराधार योजनेच्या मंजूर, नामंजूर आणि पडून असलेल्या अर्जांची यादी कारणांसह वाचून दाखवा, अशी मागणी करा. तहसीलमधून यादी आली नाही, तर आली नाही म्हणून ठराव लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा.